नदीकाठचं विनापरवाना बांधकाम हटवायचं कोणी? मराठवाड्यातली पार्श्वभूमी

पूर ओसरला की मराठवाड्यात एक प्रश्न हमखास वर येतो : नदीकाठची विनापरवाना बांधकामं हटवायची कोणी? सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, गोदावरी पात्राबाहेर आल्या, तेव्हा तो पुन्हा ऐरणीवर आला. नगरपालिका म्हणते जागा महसूलची. तहसील म्हणते बांधकाम पालिकेच्या हद्दीत. पाटबंधारे खातं म्हणतं, पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ती रेषा, आम्ही आखून दिली, पुढचं तुम्ही बघा. कागदावर तिघांचंही खरं असतं. अधिकार भरपूर आहेत, पण ते तीन दारांत विभागलेत, आणि या विभागणीची मुळं बरीच जुनी आहेत.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा इथे हैदराबादचा जमीन महसूल कायदा चाले, १३१७ फसलीचा, म्हणजे इसवी सन १९०७-०८ चा. नद्या, ओढे, तलाव, वाहतं पाणी सरकारच्या मालकीचं, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याच सुमारास, सप्टेंबर १९०८ मध्ये, मुसी नदीच्या पुराने हैदराबाद शहरात हजारो माणसं गेली. मग अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावणं गेलं, १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ आलं, पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. पुराच्या पाण्याला जागा ठेवून शहर आखायचं, हा विचार या राज्याने इतक्या लवकर केला होता. पण ते सगळं राजधानीसाठी झालं.

१९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. कायदे त्यामागून बदलत गेले. हैदराबादच्या १९५६ च्या नगरपालिका कायद्याची जागा महाराष्ट्राच्या १९६५ च्या कायद्याने घेतली. महसुलात १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. तिच्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्यांचं पात्र शासनाचं आणि कलम ५० प्रमाणे तिथलं अतिक्रमण काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. परवानगीशिवाय उभं राहिलेलं बांधकाम पाडायला लावण्याचा अधिकार मात्र नगररचना कायद्याच्या (१९६६) कलम ५३ खाली नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी पालिकेकडे. औरंगाबादला १९८२ मध्ये आणि नांदेडला १९९७ मध्ये महापालिका झाल्यावर तिथे विनापरवाना बांधकामाविरुद्ध आयुक्तांच्या हाती आणखी एक कलम आलं, महापालिका कायद्याचं २६०. खेड्यात ग्रामपंचायतीला १९५८ च्या कायद्याचं कलम ५३ आहे, पण ते रस्ते आणि मोकळ्या जागांपुरतं.

आता एखादी नोटीस हातात घेऊन बघा. वर सर्व्हे नंबर, खाली बांधकामाचं क्षेत्रफळ, मग ‘विनापरवाना’ हा शब्द, मुदत, आणि स्वतःहून काढून न घेतल्यास पाडण्याचा खर्च वसूल केला जाईल हा इशारा. ही नोटीस बांधकामाबद्दल आहे. जागा कोणाची, यावर ती काहीच बोलत नाही. नदीपात्राची हद्द ठरवायला भूमी अभिलेख खात्याची मोजणी लागते. नोटीस दारात आली की घरातला माणूस घरपट्टीची पावती आणि लाइटबिल पुढे करतो. कर भरला म्हणजे परवानगी मिळाली असं कायदा मानत नाही. पण ज्या पालिकेने वर्षानुवर्षं कर घेतला, तिनेच एका सकाळी जेसीबी आणावा, हे त्या घरातल्या माणसाला कसं पटावं? त्याचा संताप मला खोटा वाटत नाही.

पात्र सरकारचं, हे जुन्या कायद्यातही होतं. पाणी कुठवर येतं हे कागदावर आणण्याची पद्धत मात्र फार उशिरा आली. २३ जुलै १९८९ ला बीडमध्ये बिंदुसरा नदीला अचानक पूर आला, नदीलगतच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, माणसं दगावली. पाटबंधारे विभागाचं पूररेषांबद्दलचं परिपत्रकही १९८९ चंच. त्यात दोन रेषा आहेत : २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत काठापासून निळ्या रेषेपर्यंत घर बांधायला मनाई आहे. बाग, मोकळी मैदानं, वाहनतळ असे मोजके वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी मिळते. दंड भरून अनधिकृत बांधकामं नियमित करण्याची सोय २०१७ च्या नियमांनी दिली, तीही निळ्या रेषेच्या आत नाही. हे नियम चांगले आहेत. पण तोवर जुन्या पेठांलगतची निम्न पातळीची जमीन भरून गेली होती, कारण गरिबाला परवडेल अशी जागा तीच होती.

जायकवाडीच्या काठाची गोष्ट वेगळी. १९६५ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाच्या नाथसागर जलाशयासाठी जमीन संपादित झाली, त्यामुळे तिथली मालकी पाटबंधाऱ्याकडे. पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळपेर जमीन पिकासाठी दिली जाते, पक्क्या बांधकामासाठी नाही. शिवाय १९८६ पासून तिथे पक्षी अभयारण्य, म्हणजे वन विभागही आलाच.

न्यायालयांनी या अधिकाराला दोन्ही बाजूंनी आकार दिला. फुटपाथवर राहणाऱ्यांच्या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याचं नातं जगण्याच्या हक्काशी जोडलं. २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावच्या सामायिक जमिनी आणि तळ्यांवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाच्याच १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि पाडकामाचं चित्रीकरण सक्तीचं केलं. त्याच निकालात एक अपवाद आहे : रस्ते, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा आणि नदी किंवा जलाशयातल्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत.

या अपवादाचा अर्थ नोटीसच नको असा काही जण लावतात. तो चुकीचा आहे. नगररचना कायद्याची स्वतःची नोटीस, किमान २४ तासांची, शिल्लक आहेच. आणि बांधकाम खरोखर पात्रात आहे की काठावरच्या खासगी जमिनीवर, हे मोजणीशिवाय ठरत नाही. म्हणून पाडापाडीच्या आधी भूमी अभिलेख, पाटबंधारे आणि पालिका यांनी एकाच दिवशी काठावर उभं राहून हद्दीचे आणि पूररेषेचे दगड रोवायला हवेत, आणि त्या रेषा विकास आराखड्याच्या नकाशावर चढवायला हव्यात. रेषेच्या आतल्या मंगल कार्यालयाला आणि दोन खोल्यांच्या घराला नोटीस एकच जाईल. पर्यायी जागा आधी कोणाला द्यायची, ते मात्र त्याच दिवशी ठरलं पाहिजे.