अर्धा किलो पायनॅपल, एगलेस

‘अर्धा किलो पायनॅपल, एगलेस. आणि नावातला काना विसरू नका!’ अशी ऑर्डर देऊन आणलेला केक संध्याकाळी औक्षणाच्या ताटाशेजारी येऊन बसतो. निरांजन लावायचं नि मेणबत्ती विझवायची, हे एकाच घरात कसं, असं आजी दरवर्षी विचारते. दुसरा घास तिलाच मिळतो.

मला कुतूहल त्यावरच्या पांढऱ्या क्रीमचं. मे महिना, मेणबत्तीसाठी पंखा बंद, फोटो संपत नाहीत. तरी ती फुलं ढासळत कशी नाहीत?

कारण बहुधा ते दुधाचं क्रीम नसतंच. क्रीम फेटलं की त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि मेदाचे कण एकमेकांना अर्धवट चिकटून त्यांच्याभोवती जाळं विणतात. जाळं टिकायला मेद बऱ्यापैकी गोठलेला हवा. दुधातला मेद तिशीच्या तापमानाला बराचसा पातळ होतो. उन्हाळ्यात बरणीतलं साजूक तूप आठवा. बेकरीच्या व्हिप टॉपिंगमध्ये साधारणपणे पामच्या बियांचं हायड्रोजनीकृत, म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेलं तेल असतं. ते खोलीत घट्ट राहतं, जिभेवर मात्र झटकन वितळतं. असं वनस्पतीजन्य टॉपिंग अमेरिकेत बफेलो शहरातल्या रॉबर्ट रिच यांनी १९४५ मध्ये सोयाबीनपासून केलं होतं.

हायड्रोजनीकरण अर्धवट राहिलं तर हृदयाला घातक असे ट्रान्स फॅट तयार होतात. भारतात तेल-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. संपृक्त मेदाचं (सॅच्युरेटेड फॅटचं) काय? पामच्या बियांच्या तेलात तो सुमारे ८० टक्के, लोण्यातल्या मेदापेक्षाही जास्त.

तरी वाढदिवसाच्या तुकड्याला मी घाबरत नाही. अर्धा किलो केक पंधरा जणांत वाटला की वाट्याला येतात जेमतेम ३३ ग्रॅम, त्यात साखर साधारण दोन-अडीच चमचे, म्हणजे आठ-दहा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमच्या आत साखर बरी. गणित बिघडतं ते पाहुणे कमी आले की. उरलेला पाव किलो फ्रिजमध्ये जातो आणि सकाळी चहाबरोबर ‘संपवायला हवा ना’ म्हणत संपतो.

तोवर तो थोडा कडकही झालेला असतो. भाजताना फुगलेला मैद्यातला स्टार्च फ्रिजच्या थंडीत पुन्हा स्फटिकासारखा जुळू लागतो. शिळी पोळी वातड होण्यामागेही हाच स्टार्च असतो. म्हणूनच बेकरीवाला स्पंज आडवा कापून प्रत्येक थरावर साखरपाणी शिंपडतो. जितके थर, तितक्या मुरायच्या जागा.