आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ प्रमाणन (सातारा-सांगली)

आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ प्रमाणन : अपघात, हृदयविकाराचा झटका, सर्पदंश, विषबाधा, अडलेले बाळंतपण अशा प्रसंगी रुग्णालयात पोहोचेपर्यंत रुग्णाला सांभाळणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीची पात्रता तपासण्याची, नोंदवण्याची आणि ठरावीक मुदतीने पुन्हा पारखून घेण्याची पद्धत. या व्यक्तीला बोलण्यात ‘ईएमटी’ म्हणतात. घाट, धरणांची फुगवट्याची खोरी आणि पूर्वेकडचे लांब पल्ल्याचे दुष्काळी तालुके यांमुळे सातारा व सांगली जिल्ह्यांत या पात्रतेला, विशेषतः ती टिकवण्याला, फार महत्त्व आहे.

उगम : या पात्रतेचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. एक मत फ्रेंच लष्करी शल्यचिकित्सक दोमिनिक लारे याच्यापर्यंत मागे जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने लढाई चालू असतानाच घोड्यांच्या हलक्या गाड्यांतून जखमींना उचलण्याची व्यवस्था बसवली. दुसरे मत बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांना मान देते. १९६५-६६च्या सुमारास त्यांनी डिफिब्रिलेटर (विजेच्या झटक्याने हृदयाची लय पूर्ववत करणारे यंत्र) गाडीत घालून रुग्णाच्या दारात नेला. तिसऱ्या मतानुसार १९६७मध्ये पिट्सबर्ग येथे सुरू झालेली फ्रीडम हाउस ही सेवा आद्य ठरते. तिथे भूलतज्ज्ञ पीटर साफर यांनी वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण देऊन रुग्णवाहिकेवर उभे केले. ही तिन्ही मते उपचाराचा किंवा वाहनाचा उगम सांगतात. परीक्षा, नोंदणी आणि मुदत या तिन्हींनी मिळून प्रमाणन होते, आणि त्याचा विचार करता अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा १९६६चा अहवाल व त्यानंतर १९७०मध्ये स्थापन झालेली तिथली राष्ट्रीय नोंदणी संस्था हा आरंभ अधिक ग्राह्य वाटतो. त्या काळी अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवत. आडवे झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडे असे, एवढेच कारण. या नोंदणीची मुदत दोन वर्षांची असते. ईएमटीला तेवढ्या काळात ४० तासांचे पुनःशिक्षण दाखवावे लागते : २० तास राष्ट्रीय पातळीवर ठरलेल्या विषयांचे, १० स्थानिक गरजेचे आणि १० स्वतः निवडलेले.

स्थानिक पूर्वपीठिका शोधताना काही जण मिरजेच्या मिशन दवाखान्याकडे बोट दाखवतात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये तो उभारला आणि १८९७च्या सुमारास तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू केले. मात्र ते शिक्षण रुग्णालयाच्या भिंतींच्या आतले होते. रुग्णालयाबाहेरच्या मदतीचे मुदतबंद प्रमाणपत्र सामान्य माणसाच्या हाती प्रथम आले ते सेंट जॉन अँब्युलन्सच्या प्रथमोपचार वर्गांतून. एसटीच्या कंडक्टरला बिल्ल्यासाठी लागते ते हेच प्रमाणपत्र. त्याची मुदत तीन वर्षे. १९४८च्या कारखाने अधिनियमानुसार दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस लागतो. त्यामुळे साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र बऱ्याच आधीपासून परिचयाचे आहे.

१०८ आणि तंत्रज्ञाचे स्थान : १०८ क्रमांकाची आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा ऑगस्ट २००५मध्ये हैदराबादेत सुरू झाली. तिच्यात गाडीवर तंत्रज्ञ आणि चालक अशी जोडी असे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४च्या सुरुवातीस आली तेव्हा ९३७ रुग्णवाहिकांचा ताफा ठरला : २३३ प्रगत जीवनरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक. इथे मात्र तंत्रज्ञाऐवजी डॉक्टर, बहुतांशी आयुर्वेद पदवीधर, गाडीवर नेमण्याचा मार्ग निवडला गेला. चालकाला ‘पायलट’ हे नाव मिळाले. डॉक्टर गाडीवर असताना वेगळा ईएमटी कशाला, हा प्रश्न त्यातून निघाला. डॉक्टर असणे रुग्णाच्या हिताचेच, असे एक मत आहे आणि त्यात तथ्य आहे. पण चेपलेल्या गाडीच्या दरवाजातून मान न हलवता माणूस बाहेर काढणे पदवीच्या अभ्यासात हाताला बसत नाही; ते वेगळे शिकावे लागते आणि डॉक्टरलाही तीच पारख लागू पडते. दोन्ही जिल्ह्यांत ईएमटीला काम मिळते ते मुख्यतः खाजगी रुग्णालयांची कॅज्युअल्टी (तातडीच्या रुग्णांचा विभाग), ‘कार्डियाक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्या, कारखान्यांच्या प्रथमोपचार खोल्या आणि महामार्गावरच्या रुग्णवाहिका इथे. पुणे-कोल्हापूर मार्गावर आनेवाडी व तासवडे हे टोलनाके सातारा जिल्ह्यात येतात. महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

पात्रता मिळवणे : साधारण वाट बारावी विज्ञानानंतरची. कौशल्य परिषदेच्या आराखड्यात मूलभूत आणि प्रगत असे दोन स्तर आहेत. वर्गातले शिक्षण, डमीवरचा सराव, कॅज्युअल्टी, अतिदक्षता विभाग व प्रसूतिकक्षातली हजेरी आणि रुग्णवाहिकेवरच्या फेऱ्या असा क्रम असतो. प्रत्येक कृती लॉगबुकात लिहून तिच्यावर सही घ्यावी लागते आणि शेवटी बाहेरचा परीक्षक येतो. जिल्हा रुग्णालये आणि कराड, मिरज, सांगलीची वैद्यकीय महाविद्यालये यांमुळे रुग्ण पाहण्याची संधी इथे कमी नाही.

पात्रता टिकवणे : खरी गुंतागुंत इथे आहे. अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र कायमचे असते. त्याच्या जोडीला लागणारी कौशल्यांची कार्डे मुदतीची असतात, आणि प्रत्येकाची मुदत निराळी. अमेरिकन हार्ट असोसिएशनची बीएलएस (मूलभूत जीवनरक्षण) व एसीएलएस (हृदयविकारातले प्रगत जीवनरक्षण) कार्डे दोन वर्षे चालतात. जखमींच्या उपचाराचे आयटीएलएस तीन वर्षे आणि पीएचटीएलएस चार वर्षे चालते. एकाच माणसाच्या फाइलमध्ये तीन-चार तारखा असतात आणि त्या एका वर्षी येत नाहीत. ‘कार्ड संपलंय’ हे वाक्य कॅज्युअल्टीत नेहमी कानावर पडते ते यामुळे.

मुदत का हवी, हे सीपीआरच्या (हृदय थांबलेल्या रुग्णाला छातीवर दाब व श्वास देण्याच्या) नियमांचा इतिहास पाहिला की पटते. २०००च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढासाठी १५ दाब आणि २ श्वास असे प्रमाण होते. २००५मध्ये ते ३० दाब व २ श्वास झाले. २०१०मध्ये क्रमच उलटला : आधी श्वासमार्ग पाहण्याऐवजी आधी छातीवर दाब, खोली किमान ५ सेंटीमीटर, वेग मिनिटाला किमान १००. २०१५मध्ये वरची मर्यादाही आली, ६ सेंटीमीटर आणि १२०. त्याआधी ‘जोरात आणि भरभर’ एवढेच शिकलेला माणूस इतका भरभर दाबत असे की दोन दाबांमध्ये छाती पूर्ण वर येतच नसे, आणि छाती वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही. २००४मध्ये उत्तीर्ण होऊन पुन्हा वर्गाला न बसलेला तंत्रज्ञ आजही मनापासून १५ पर्यंत मोजेल. त्याचा हेतू चांगला असतो. त्याची माहिती जुनी असते.

माहितीपेक्षा हात लवकर विसरतो. शिक्षणानंतर काही महिन्यांतच दाबांची गुणवत्ता घसरते हे अनेक देशांत दिसून आले आहे, म्हणून दोन वर्षांची मुदत ही कमाल मानावी. बीएलएसची लेखी परीक्षा २५ प्रश्नांची, उत्तीर्ण होण्यास ८४ टक्के लागतात. परीक्षक खरे पाहतो ते प्रात्यक्षिकात : कोपर सरळ आहेत का, खांदे छातीच्या बरोबर वर आहेत का, एईडी (आपोआप चालणारा डिफिब्रिलेटर) लावताना दाब दहा सेकंदांहून अधिक थांबले का, दोन मिनिटांनी माणूस बदलला का. अंबू बॅग (हाताने पिळून श्वास देण्याची पिशवी) घाईने पिळणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. श्वास सुमारे एका सेकंदात द्यायचा आणि छाती उचललेली दिसली की थांबायचे. जास्त हवा पोटात जाते आणि उलटी होते. खंबाटकी किंवा पसरणीच्या वळणांवर चालत्या गाडीत उभे राहून हे सगळे जमत नाही. दाब चुकतात आणि तंत्रज्ञ स्वतः आदळण्याची भीती असते.

ऑक्सिजनचा हिशेबही पुन्हा पुन्हा तपासण्यासारखा आहे. रुग्णवाहिकेतल्या बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर दिला तर तो १५० मिनिटे पुरतो. काटा अर्ध्यावर असेल तर ७५ मिनिटे, आणि त्यातूनही थोडा राखून ठेवायचा. जतहून मिरजेचा रस्ता दीड-दोन तासांचा. म्हणजे अर्ध्या सिलिंडरवर निघालेली गाडी वाटेतच रिकामी होते. शहरी अभ्यासक्रमात हे गणित एका ओळीत संपते. इथे ते गाडी सुरू करण्यापूर्वी करावे लागते.

स्थानिक गरजेचे विषय : पुनःशिक्षणाचे १० तास स्थानिक विषयांना देण्याची अमेरिकी रीत या दोन जिल्ह्यांनी उचलावी अशी आहे. शिराळा, पाटण भागात सर्पदंश हा पहिला विषय ठरतो. दोरी आवळणे, जखम चिरणे, चोखणे हे सर्व टाळून दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात नेणे ही रीत आज सर्वमान्य आहे. भारतातले नेहमीचे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. मण्यारीच्या दंशाला सूज किंवा वेदना जवळपास नसते. पापण्या जड होणे हीच पहिली खूण असू शकते. ती ओळखणारा तंत्रज्ञ अंबू बॅग हाताशी घेऊनच निघतो. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीची विषबाधा हा दुसरा विषय. कपडे उतरवून साबणपाण्याने अंग धुणे आणि त्याआधी स्वतः हातमोजे घालणे, हा क्रम चुकता कामा नये. गळीत हंगामात रात्री रस्त्यावर असणाऱ्या, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर दुचाकी आदळून होणाऱ्या चेहरा व मानेच्या जखमा, हा तिसरा.

गर्दीतल्या दुर्घटनेचे शिक्षण वाईजवळच्या मांढरदेव येथील २५ जानेवारी २००५च्या चेंगराचेंगरीनंतर अधिकच गरजेचे ठरले. तीत सुमारे ३०० भाविक मृत्युमुखी पडले. अनेक रुग्ण असताना लाल (अतितातडीचा), पिवळा (थोडा थांबू शकणारा), हिरवा (किरकोळ जखमी), काळा (मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला) अशी वर्गवारी काही सेकंदांत करणे हा सराव विसरला जातो, कारण त्याची वेळ क्वचित येते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यातून रुग्ण आधी लाँचने आणि मग गाडीने येतो. कृष्णेच्या ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीतही रुग्ण बोटीनेच हलवावे लागले. बोटीत रुग्ण बांधण्याच्या पद्धतीला मूलभूत अभ्यासक्रमात फारशी जागा नाही.

कायदा : राज्यात महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियम, २०११ आहे. त्यानंतर संसदेने २०२१मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा स्वतंत्र उल्लेख असून केंद्रीय व राज्य नोंदवह्यांची तरतूद आहे. संलग्न व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण हा कायद्याचा मापदंड आहे. कमी मुदतीचा कौशल्य अभ्यासक्रम केलेल्या तंत्रज्ञाने म्हणूनच लॉगबुक, मुदत संपलेली जुनी कार्डे आणि कामाचे दाखले टाकून देऊ नयेत. सलग काम केल्याचा पुरावा तेवढाच त्याच्या हाती असतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने अपघातानंतरच्या पहिल्या तासाला ‘सुवर्णकाल’ म्हणून व्याख्येत स्थान दिले आणि सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. हे संरक्षण मोबदल्याची अपेक्षा न ठेवता स्वेच्छेने मदत करणाऱ्यासाठी आहे. पगारी कामावरच्या तंत्रज्ञाने आपल्या पात्रतेच्या मर्यादेत राहून, वेळेच्या नोंदीसह रुग्णपत्रिका भरणे हाच त्याचा आधार मानावा.