कंबरदुखी (सोलापूरच्या कामकऱ्यांतील)

कंबरदुखी : शेवटच्या बरगडीपासून कुल्ल्यापर्यंतच्या पाठीतील वेदना. ती कधी मांडीत, पोटरीतही उतरते. २०२० साली जगभरात सुमारे ६२ कोटी लोकांना हा त्रास होता. बोलीत तिला दोन नावे आहेत. वाकता वाकता कळ येऊन माणूस जागीच अडकला तर ‘उसण भरली’ आणि महिनोन्महिने ठणकत राहिली तर ‘कंबर धरली’. वैद्यकातही हाच भेद आहे : पहिली बहुधा सहा आठवड्यांत ओसरते, तीन महिन्यांवर टिकली की जुनाट म्हणतात.

कंबरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांमध्ये मऊ गराची चकती असते. धडाचा भार सर्वांत जास्त खालच्या दोन चकत्यांवर येतो आणि चकती सरकते तीही बहुधा तिथेच. तिचा दाब नसेवर आला की पायात मुंग्या आणि कळा येतात. आयुर्वेदातील ‘गृध्रसी’ ती हीच. पण असे रुग्ण थोडे. दहांपैकी नऊ जणांच्या दुखण्याचे नेमके एक ठिकाण दाखवता येत नाही. स्नायू, अस्थिबंध (हाडांना हाडे बांधणारे पट्टे), सांधे, अपुरी झोप, मनावरचा ताण असे सगळे मिळून ते घडते. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे निदान मात्र घरोघरी ऐकू येते. चकती झिजली की मणक्यांमधले अंतर वाढत नाही, कमी होते. शिवाय काहीच न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या माणसांचे एमआरआय काढले, तरी दहांतल्या आठांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात.

सोलापुरात हे दुखणे कामाच्या रीतीतून येते. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन, मान व कंबर पुढे झुकवून तासन्‌तास बसते. मजुरी हजार विड्यांवर, त्यामुळे मध्ये उठणे म्हणजे पैसे सोडणे. इतका वेळ वाकून राहिल्याने पाठीचे अस्थिबंध ताणून सैल पडतात आणि आधार देणारे स्नायू थकतात. त्यात शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. नळ आला की सूप बाजूला ठेवून उठल्या उठल्या घागर उचलायची. कंबरेला सर्वांत धोक्याची वेळ तीच. आधी दोन मिनिटे सरळ उभे राहून चालले, तर अस्थिबंधांना सावरायला थोडा अवसर मिळतो. यंत्रमागावर उलटा प्रकार : पाळीभर उभे राहणे आणि ताण्याचे सूत गुंडाळलेले जड बीम उचलणे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मालदांडी ज्वारीची काढणी येते. कडब्यासाठी ताट मुळासकट उपटतात. वाकून जोर लावलेला असतानाच मूळ अचानक सुटते आणि कंबरेला हिसका बसतो.

प्रतिबंधाचा भरवशाचा उपाय व्यायाम आहे. पाठ-पोटाचे स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम आणि काम कसे करावे याची समज, या दोहोंनी दुखणे उलटण्याचा धोका बराच कमी होतो. कंबरपट्ट्याने प्रतिबंध होतो, याला मात्र आधार मिळालेला नाही. विडी वळताना पाटावर किंवा बुटक्या चौरंगावर बसले, पाठ भिंतीला टेकली आणि अर्ध्या तासाने एकदा उठले, तर पाठीवरचा ताण हलका होतो. पण नगावर मजुरी असेपर्यंत अर्ध्या तासाने उठायला सांगणे सोपे आहे, उठणे नाही. रात्रीतून चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून पहाटे उठल्याबरोबर वाकून जड काही उचलू नये.

उसण भरली की पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्याचा, पाय कंबरेला लावून घेण्याची चाल आहे. तिला वैद्यकीय आधार नाही. पण उसण बहुधा आपोआपच उतरते, म्हणून श्रेय पायाळूला जाते. खरे नुकसान करते ती ‘पडून राहा’ ही शिकवण. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणात राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि बरे व्हायला उशीर लागतो. शेक घ्यावा, झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहावे.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायातली ताकद जाणे यांत मात्र त्याच दिवशी सिव्हिल रुग्णालय गाठावे. नस फार काळ दबली तर पुन्हा सावरत नाही. ताप, घटते वजन आणि रात्रीही न थांबणारी कळ असेल, तर मणक्याच्या क्षयरोगाची (टीबीची) तपासणी करतात.