ब्रिटिश रेल्वेचा लेआउट करून घेताना : आधी साल ठरवा, मग इंजिन घ्या

ग्रेट वेस्टर्न या जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपनीच्या एखाद्या आडबाजूच्या शाखेचा लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेचा देखावा, करून मिळेल का, अशी विचारणा आमच्या कार्यशाळेत वरचेवर होते, आणि विचारणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा एक पिशवीही असते. मुलाकडे किंवा लेकीकडे इंग्लंडला गेले असताना घेतलेले लहान टँक इंजिन (पाण्याची टाकी अंगावरच असलेले), चॉकलेटी आणि साय रंगाचे दोन डबे, पाच-सहा मालडबे आणि केवळ नाव ओळखीचे म्हणून घेतलेला ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ असा ऐवज टेबलावर मांडला जातो. मग ‘या सगळ्याला शोभेल असे स्टेशन करा’ असे सांगण्यात येते. तसे स्टेशन करता येते, पण ते बऱ्याचदा ग्राहकांच्या मनातले स्टेशन नसते, आणि हे लक्षात येईपर्यंत त्यांचे पैसे व आमचे दिवस खर्ची पडलेले असतात. ओओ (१:७६ चे माप), डीसीसी (गाड्यांचे डिजिटल नियंत्रण), सांधे, लूप या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत असे धरून या पत्रकात मुख्यत्वे एवढेच सांगायचे आहे की, खरेदीच्या आधी साल ठरवावे.

गेल्या वर्षीची एक ऑर्डर उदाहरणादाखल सांगतो. डेव्हनमधील अ‍ॅशबर्टन हे शाखेच्या टोकाचे स्थानक आणि १९३५ हे ग्रेट वेस्टर्नच्या शताब्दीचे साल, असे ठरले होते. फलाट झाला, रुळांवरची लाकडी शेड झाली, त्या काळच्या मोटारी बाहेर उभ्या राहिल्या, आणि अगदी शेवटी ग्राहकांनी जपून ठेवलेले इंजिन खोक्यातून निघाले. कॅबच्या बाजूला नखाएवढी पितळी रंगाची पाटी होती आणि तिच्यावर १४ ने सुरू होणारा चार आकडी क्रमांक होता. इंजिन देखणे होते, परंतु त्या वर्गातल्या एकाही इंजिनावर १९३५ साली तसा क्रमांक नव्हता. ही ०-४-२ टँक इंजिने (चार मोठी चाके आणि मागे दोन लहान) १९३२ पासून स्विंडनच्या कारखान्यात बांधली गेली ती ४८०० पासूनच्या क्रमांकांनी. युद्धानंतर कोळशाची टंचाई झाली, तेव्हा मालगाड्यांची २८०० वर्गातील काही इंजिने तेलावर चालवण्याचे ठरले. त्यांच्यासाठी ४८०० चे आकडे मोकळे करावे लागले, म्हणून १९४६ मध्ये या लहान इंजिनांना १४०० पासूनचे क्रमांक देण्यात आले. डिडकॉटच्या रेल्वे केंद्रात जतन केलेले १४६६ हे इंजिन १९३६ साली कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा ४८६६ होते.

‘पण इंजिनाच्या खोक्यावर एरा तीन लिहिले आहे आणि डब्यांच्या खोक्यावरही एरा तीनच आहे,’ असे त्या ग्राहकांचे म्हणणे होते, आणि ते खरेही होते. घोटाळा नेमका इथेच होतो. ब्रिटिश मॉडेलच्या खोक्यांवरील एरा तीन म्हणजे १९२३ ते १९४७ हा संपूर्ण कालखंड. एवढ्या वर्षांत टाकीच्या बाजूवरची अक्षरेदेखील दोनदा बदलली: आधी ‘ग्रेट वेस्टर्न’ असे पूर्ण नाव असे, १९३४ पासून शर्टाच्या गुंडीसारखे गोल चिन्ह आले आणि १९४२ पासून साधी जी डब्ल्यू आर ही आद्याक्षरे. एराचा आकडा दुकानदाराला माल लावायला सोयीचा आहे, पण त्यावरून गाडी जुळवणे म्हणजे ‘पेशवाई’ एवढ्याच खुणेवर बाजीराव आणि नाना फडणवीस एका पंगतीला बसवण्यासारखे आहे.

जुनी वस्तू पुढच्या सालात काही काळ चालते, पण नवी वस्तू मागच्या सालात जाऊ शकत नाही. गोल चिन्हाचे इंजिन पुन्हा रंगवण्याची पाळी येईपर्यंत तसेच धावत राही, त्यामुळे ते १९४५ च्या देखाव्यात उभे असले तरी कोणी हरकत घेणार नाही. उलट १४०० चा क्रमांक १९३५ मध्ये कोणत्याही युक्तिवादाने बसत नाही. म्हणून आपल्या पिशवीतली सर्वांत नवी वस्तू कोणती ते आधी शोधावे. ती ज्या सालची असेल त्याच्या मागे लेआउट नेता येत नाही, मग बाकीचा माल कितीही जुना असो.

क्रमांक बदलून द्या, ते काम असे कितीसे, असा प्रश्न यावर हमखास येतो. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांना कॅबच्या दोन्ही बाजूंना ओतीव पितळी पाट्या असत आणि समोरच्या बफरच्या तुळईवर आकडे रंगवलेले असत. मॉडेलवर आधी छापील आकडा कापसाच्या काडीने, खालचा हिरवा रंग न दुखावता, थोडा थोडा उतरवावा लागतो. मग कोरीव पितळी पाट्या मागवून चिमट्याने बसवाव्या लागतात. गोल चिन्ह काढले तर त्या जागी चकाकणारा डाग राहतो आणि तो लपवण्यासाठी संपूर्ण बाजूवर मॅट व्हार्निश मारावे लागते. एका इंजिनाला दोन दिवस सहज जातात, पाट्या यायला लागणारे आठवडे वेगळेच. आम्ही हे काम करतो आणि, थोडी आत्मस्तुती पत्करून सांगायचे तर, चांगले करतो. परंतु त्याचे शुल्क लेआउटच्या दरात धरलेले नसते, आणि योग्य क्रमांकाचे इंजिन पहिल्यांदाच घेतले असते तर हा खर्च टळला असता, हे आम्ही ग्राहकांना स्पष्टपणे सांगतो.

ज्यांनी अद्याप काहीच घेतलेले नाही, त्यांना आम्ही अ‍ॅशबर्टन आणि १९३८ हे साल सुचवतो. टॉटनेसपासून साडेनऊ मैलांची ही शाखा १८७२ मध्ये सुरू झाली ती ब्रॉडगेजवर. आपल्याकडे ब्रॉडगेज म्हटले की १६७६ मिलिमीटर डोळ्यांपुढे येतात, पण ग्रेट वेस्टर्नचा ब्रॉडगेज तब्बल २१४० मिलिमीटरचा होता, आणि तो १८९२ मध्ये संपून स्टँडर्ड गेज आला. संपूर्ण शाखा ओओच्या मापात करायची तर सुमारे २०० मीटर जागा लागेल; म्हणून आम्ही फक्त शेवटचे स्थानक घेतो आणि पडद्यामागे गाड्या उभ्या करण्यासाठी लपवलेले यार्ड देतो. बारा फूट बाय दोन फुटांत हे बसते. १९३८ एवढ्यासाठी, की तोपर्यंत ४८०० वर्गाची सर्व ७५ इंजिने रुळांवर आलेली होती, गोल चिन्ह रुळले होते, पूर्ण नावाची जुनी अक्षरेही दिसत होती, आणि कोळशाच्या डब्यांवर खाणमालकांची व व्यापाऱ्यांची रंगीत नावे अजून टिकून होती, पुढच्याच वर्षी युद्ध सुरू होताच हे डबे सरकारी ताब्याखाली आले. मालडबे सगळे ग्रेट वेस्टर्नचेच हवेत असेही नाही. दुसऱ्या कंपन्यांचे डबे अशा शाखांवर सर्रास येत, त्यामुळे तेथे आपल्या हौसेला मोकळीक आहे.

ज्यांची पिशवी आधीच भरलेली आहे, त्यांच्यासाठी १९४९ हे साल त्यातल्या त्यात दयाळू आहे. १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर इतर कंपन्यांच्या इंजिनांच्या क्रमांकांत हजारांची भर पडली, पण ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांचे क्रमांक तेच राहिले. म्हणजे १४०० चा क्रमांक, जुनी आद्याक्षरे, चॉकलेटी-साय डबा आणि त्याला लागून नव्या किरमिजी-साय रंगाचा डबा हे सगळे एकाच फलाटावर नांदू शकते. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ मात्र तेव्हाही तेथे नांदत नाही. ते लंडन ते एडिंबरा या पूर्व किनाऱ्याच्या मार्गावरचे इंजिन, आणि डेव्हनच्या शाखेवर त्याला काहीच काम नव्हते. त्याच्यासाठी आम्ही काचेची पेटी करून देतो.

हल्लीच्या सहलीतले फोटो नमुना म्हणून आणणाऱ्यांना एक विनंती आहे. या शाखेवरची प्रवासी वाहतूक नोव्हेंबर १९५८ मध्ये आणि मालवाहतूक १९६२ मध्ये बंद झाली. पुढे १९६९ मध्ये टॉटनेसच्या बाजूचा भाग हौशी मंडळींनी पुन्हा चालू केला आणि त्याच्या उद्घाटनाला आले ते इंग्लंडभरच्या शाखा बंद करण्याबद्दल प्रसिद्ध असलेले डॉ. बीचिंग! आज तेथे धावणाऱ्या गाडीत निरनिराळ्या सालांचे इंजिन-डबे एकत्र असतात, आणि तसे असण्यात त्यांचे काही चुकत नाही, पण आपल्या १९३८ साठी तो फोटो पुरावा ठरत नाही. सिग्नलचेही तसेच आहे. इतर कंपन्यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून मोकळीक देताना हात वर जाणारे सिग्नल बसवले, ग्रेट वेस्टर्नने मात्र खाली पडणारा हात सोडला नाही. आपली जुनी माणसे गाडी सुटायची झाली की ‘सिग्नल पडला’ म्हणत. अ‍ॅशबर्टनला सिग्नल असाच पडला पाहिजे, आणि वर जाणाऱ्या हाताचा तयार सिग्नल स्वस्तात मिळाला म्हणून आणल्यास आम्ही तो लावत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एचओची जर्मन घरे ओओशेजारी ठेवल्यास ती १:८७ मापाची असल्यामुळे ठेंगणी दिसतात. ओओचे इंजिन रुळांच्या मानाने रुंद वाटते, ही तक्रार रास्त आहे; १६.५ मिलिमीटरचा रूळ (दोन रुळांमधले अंतर) ४ मिलिमीटरला एक फूट या मापाने खराखुरा मोजला तर चार फूट दीड इंचच भरतो, म्हणजे खऱ्या स्टँडर्ड गेजपेक्षा अरुंद. तरीही बाजारातले बहुतेक ब्रिटिश मॉडेल याच रुळावर येते, म्हणून आम्ही तोच वापरतो, मात्र त्या काळच्या बुलहेड (वर-खाली दोन्हीकडे गोलसर जाड कडा असलेल्या) रुळांचा आणि स्लीपरच्या योग्य अंतराचा आग्रह धरतो. ३७१ मिलिमीटर त्रिज्येचे वळण खेळण्यासाठी ठीक आहे, लांब डब्यांसाठी नाही. तळाला आम्ही मरीन प्लायच घालतो, कारण साधे प्लाय कोकणातल्या एका पावसाळ्यात फुगते आणि सांधे जागचे हलतात.

ऑर्डरच्या वेळी आपल्याकडील प्रत्येक इंजिनाचा क्रमांक, टाकीवरच्या अक्षरांचा फोटो आणि मनातले साल एका कागदावर लिहून आणावे. त्यावर सही झाल्याशिवाय आम्ही आराखड्याला हात लावत नाही. काहींना हे कारकुनी वाटते, पण वर सांगितलेल्या ऑर्डरनंतर आम्ही हा नियम मोडलेला नाही. खरेदी व्हायची असेल तर आपण निवडलेल्या सालात बसणाऱ्या इंजिन-डब्यांची यादी आम्ही विनामूल्य करून देतो, आणि ती इंग्लंडला जाणाऱ्या नातेवाइकांच्या हाती देता येईल अशा एकाच पानावर असते. जून ते सप्टेंबर या काळात रंगकाम सुकायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीत लेआउट हवा असल्यास हा कागद मार्चअखेर आमच्याकडे पोहोचावा.