कॉलेजचे कोच शाळेचा सामना बघायला का येत नाहीत

अमेरिकेत हायस्कूलच्या संघांतून बेसबॉल खेळणारी मुलं साडेचार लाखांहून जास्त आहेत. एनसीएए ही तिथल्या कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी संस्था. तिच्या सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, बेसबॉलचा संघ असणारी कॉलेजं मात्र तीनशेच्या आसपास. मुलगा शाळेकडून चांगला खेळला की कधीतरी कॉलेजचा कोच येऊन बघेल, असं नव्याने तिथे स्थायिक झालेल्या पालकांना वाटतं. सहसा कोणी येत नाही. त्यात दुष्टपणा काही नाही, वेळापत्रकाचा घोळ आहे. शाळांचा हंगाम वसंतातला, कॉलेजांचा फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंतचा. मुलगा ज्या दुपारी बॅट घेऊन उभा असतो, त्याच दुपारी कोच स्वतःच्या संघाबरोबर दुसऱ्या राज्यात सामना खेळत असतो. उत्तरेकडच्या थंड राज्यांत तर शाळांचे सामने मार्चअखेरीपर्यंत सुरूसुद्धा होत नाहीत. कोच मोकळा होतो तो उन्हाळ्यात, आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते.

या उन्हाळ्याच्या पोकळीत कोण शिरलं, हाच खरा या विषयाचा इतिहास आहे.

पहिला मान अमेरिकन लीजनचा. माजी सैनिकांच्या या संघटनेने मुलांसाठी उन्हाळी बेसबॉल भरवायचं १९२५ साली साउथ डकोटातल्या मिलबँक गावी ठरवलं, आणि पुढे कित्येक दशकं गावोगावचे लीजन संघ हीच होतकरू पोरांची खिडकी होती. बघायला यायचे ते मात्र बहुतेक व्यावसायिक संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं. प्रत्येकाच्या हाताखाली गावातले बिनपगारी खबरे असत. कुठे कोण जोरात चेंडू टाकतो याची वर्दी ते पोहोचवत. कधी कधी वर्दी फार वरून येई. आयडाहोतल्या पेएट या छोट्या गावच्या, पुढे नामांकित फलंदाज झालेल्या हार्मन किलब्रूचं नाव वॉशिंग्टन सेनेटर्स या व्यावसायिक संघाचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांच्या कानावर घातलं ते त्या राज्याच्या सिनेटरने, हर्मन वेल्कर यांनी. संघाचा माणूस पेएटला गेला, त्याने किलब्रूचे फटके पाहिले, आणि १९५४ मध्ये करार झाला. ऑरेगन विद्यापीठाची शिष्यवृत्ती किलब्रूने सोडून दिली. त्या काळी हे स्वाभाविक होतं. ज्याच्यात धमक आहे त्याने अठराव्या वर्षी पैसे घ्यावेत, कॉलेजात जाऊन काय करायचं?

हे गणित १९६४-६५ मध्ये बदललं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिक रायकार्टसाठी संघांमध्ये चढाओढ लागली आणि लॉस एंजेलिस एंजल्सनी त्याला दोन लाख डॉलरच्या वर रक्कम दिली. मालक हादरले. खर्चाला लगाम हवा म्हणून १९६५ पासून ड्राफ्ट, म्हणजे संघांनी फेऱ्याफेऱ्यांनी, पाळीपाळीने खेळाडू निवडायची पद्धत, आली: खेळाडूवर हक्क एकाच संघाचा, बोली लावायची सोय नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव पुकारलं गेलं रिक मंडेचं, तोही अॅरिझोना स्टेटचा कॉलेजकुमार. शाळा संपवून ड्राफ्टमध्ये जाता येतं, पण चार वर्षांच्या कॉलेजात पाऊल टाकलं की साधारणपणे तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावं लागेपर्यंत थांबावं लागतं, अशी वाट पुढे रुळली. त्यामुळे कॉलेज म्हणजे व्यावसायिक खेळाला पर्याय, ही कल्पना मागे पडली आणि कॉलेज ही त्याच वाटेवरची पायरी झाली. एकाच मुलावर आता स्काउट आणि कॉलेजचा कोच अशा दोघांची नजर राहू लागली.

पुढे नामांकित पिचर (चेंडू टाकणारा) झालेल्या टॉम सीव्हरची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण शाळेत असताना त्याच्यावर कोणाचीच नजर नव्हती. अंगाने लहान, वेगही बेताचा. मरीन दलातली सेवा आणि नंतर फ्रेस्नोचं दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज, एवढ्यात तो भरला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे कोच रॉड डेडो यांना तो हवा होता, पण शिष्यवृत्ती देण्याआधी त्यांनी त्याला १९६४ च्या उन्हाळ्यात अलास्कातल्या गोल्डपॅनर्स संघाकडे पाठवलं. तिथे चमकलास तर ये, असा हिशोब. सतरा वर्षांच्या मुलाकडे पाहून विशीतला पिचर दिसत नाही, हे डेडोंसारख्या कसलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या काळात हे शहाणपण बरंच हरवलं, असं माझं मत आहे.

ते हरवण्यात दोन वस्तूंचा हात आहे. पहिली रडार गन. मिशिगन स्टेटचे कोच डॅनी लिटविलर यांनी १९७४ च्या सुमारास पोलिसांचं वेग मोजायचं यंत्र चेंडूवर रोखून पाहिलं, आणि त्यातून बेसबॉलची रडार गन जन्मली. तोवर 'पोराचा हात चालतो' एवढंच म्हणता यायचं. आता आकडा आला. ताशी ९० मैल, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर, हा आकडा शाळकरी पिचरचं नशीब ठरवू लागला. त्या आकड्याची ताकद किती, हे आपणही पाहिलं आहे: २००८ मध्ये भारतात भरलेल्या स्पर्धेत उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू चेंडूच्या वेगावर निवडले गेले, आणि बेसबॉल कधीच न खेळलेल्या या दोघांना त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाने करारबद्ध केलं.

दुसरी वस्तू अॅल्युमिनियमची बॅट. कॉलेज बेसबॉलने ती १९७४ मध्ये चालवून घेतली, शाळांतही ती पसरली. तिच्यावरून चेंडू इतका उसळायचा की साधा फलंदाजही बलदंड वाटावा. स्काउट आणि कोच दोघांनाही लाकडी बॅटचे सामने हवे होते. शाळा ते देत नव्हत्या.

ही गरज ओळखणारे लोक पुढे आले. एरिया कोड गेम्स ही ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झालेली निमंत्रितांची स्पर्धा. तिथली मुलं व्यावसायिक संघांचे स्काउटच निवडतात. न्यू जर्सीतल्या मिलव्हिलसारख्या थंड गावचा माइक ट्राउट २००८ मध्ये तिथे खेळला. ईस्ट कॅरोलिना विद्यापीठाला त्याने होकार दिला होता, पण २००९ च्या ड्राफ्टमध्ये एंजल्सनी त्याला पंचविसाव्या क्रमांकावर उचललं आणि कॉलेज राहून गेलं.

खरा धंदा मात्र आयोवात उभा राहिला. जेरी फोर्ड यांनी नव्वदच्या दशकात परफेक्ट गेम सुरू केलं. आयोवातल्या पोरांकडे कोणी फिरकत नाही, ही त्यांची मूळ तक्रार. एका जागी दोनशे मुलं आणि लाकडी बॅटा आणा, कोच आपोआप येतील. आले. थोड्याच वर्षांत जॉर्जियात अटलांटाजवळ भरणाऱ्या उन्हाळी स्पर्धा हा देशातला सर्वांत मोठा बाजार झाला. ईस्ट कॉबसारखे निवडक मुलांचे 'ट्रॅव्हल' संघ त्यातूनच मोठे झाले, आणि लीजनचे गावसंघ ओसरत गेले. शोकेस म्हणजे तर सामनाही नव्हे, मोजणीच. साठ यार्ड किती सेकंदांत धावतो (सातच्या आत हवं), बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटतो, कॅचरने (फलंदाजामागच्या खेळाडूने) पकडलेला चेंडू दुसऱ्या बेसवर किती वेळात पोहोचतो (दोन सेकंदांच्या आसपास). आकडे संकेतस्थळावर चढतात, आणि कोच ऑफिसात बसून चाळणी लावतो.

कोचची बाजूही समजून घ्यावी. त्याच्याकडे माणसं मोजकी: अगदी २०२३ पर्यंत एक मुख्य प्रशिक्षक, दोन पगारी सहायक आणि एक स्वयंसेवक. पैसा त्याहून मोजका. डिव्हिजन वनच्या अख्ख्या संघाला मिळून २०२५ पर्यंत ११.७ शिष्यवृत्त्या, त्याही २७ जणांत वाटायच्या. पूर्ण शिष्यवृत्ती ही दुर्मीळ गोष्ट. म्हणून बेसबॉलमध्ये गुणपत्रिकेचं वजन मोठं: चांगले गुण असलेल्या मुलाला अभ्यासावरची मदत मिळते आणि कोचचा वाटा वाचतो. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे) आणि एनसीएएच्या सर्वांत खालच्या डिव्हिजन थ्रीमध्ये तर खेळाची शिष्यवृत्तीच नाही.

आकडे मिळू लागल्यावर घाई आली. नववीतल्या, क्वचित आठवीतल्या मुलांकडून कॉलेजं तोंडी होकार घेऊ लागली. कोचने मुलाला फोन करायचा नाही असा नियम होता. मग ट्रॅव्हल संघाचा कोच मुलाला सांगायचा, तूच लाव फोन. चौदा वर्षांच्या मुलाचा हात पुढे कसा वाढेल, हे त्याच्या आईबापांनाही सांगता येत नाही. त्यामुळे हे होकार दोन्ही बाजूंनी सर्रास मोडले जात. शेवटी २०२३ मध्ये एनसीएएने अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत बोलणंच बंद केलं. उशिराच, पण केलं.

घरच्यांच्या खिशाचं काय, हा प्रश्न या सगळ्यात मागे पडला. गावचा लीजन संघ कोणा दुकानदाराच्या देणगीवर चालायचा. ट्रॅव्हल संघाची फी, शोकेसची फी, हॉटेलं, विमानं, खासगी शिकवणी, हे पालकांनी भरायचं. कॉलेजं स्वतः शिबिरं भरवतात. त्यांच्या आमंत्रणाची 'तुमच्या मुलात आम्हाला रस आहे' अशी ईमेल येते, ती कित्येकदा शेकडो घरी गेलेली असते.

त्यात कोविड. मार्च २०२० ते मे २०२१ कोचना मैदानावर जाऊन मुलं बघायला बंदी होती, मोबाइलवरच्या व्हिडिओंवर निवड झाली. कॉलेजच्या खेळाडूंना खेळायला एक वर्ष वाढवून मिळालं, तर ४० फेऱ्यांचा ड्राफ्ट त्या वर्षी पाच फेऱ्यांवर आणि नंतर २० वर आला. कॉलेजं तुंबली. २०२१ पासून वर्ष न गमावता कॉलेज बदलायची मुभा मिळाली, आणि कोचला अठरा वर्षांचं कच्चं पोर घडवण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजात दोन हंगाम खेळलेला विशीतला गडी सोयीचा वाटू लागला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने हाउस खटल्यातली, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या खटल्यातली, तडजोड मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांवरचं ११.७ चं बंधन गेलं. ३४ च्या ३४ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. फक्त पस्तिसावा खेळाडू ठेवता येत नाही, आणि ती जागा बहुधा शाळेतून आलेल्या, शिष्यवृत्तीविना हट्टाने टिकून राहणाऱ्या मुलाची असायची.