कानातले दोन स्पंज

बेळगावच्या खडेबाजारातल्या मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन ‘इअरफोनचा स्पंज द्या’ म्हणा. दुकानदार मान वर न करता एक पुडी पुढं सारेल. आत काळ्या, पातळ, टोपीसारख्या चार गोष्टी. मी म्हटलं, ‘हा नव्हे हो, फोमवाला पाहिजे.’ तो म्हणाला, ‘हाच की फोम. स्पंज म्हणा, फोम म्हणा, शेवटी कानातच घालायचं नव्हे?’

त्याचंही फार चुकलं नव्हतं. दोन्ही वस्तू बहुधा काळ्या, दोन्ही मऊ, दोन्ही इअरफोनवर चढतात. पण त्यांची कामं एकमेकींच्या उलट. एक कान उघडा ठेवते, दुसरी कान बंद करते. मी ती पुडी घेऊन घरी आलो, तो स्पंज इअरफोनच्या रबरी टोपीवरून ताणून बसवला, आणि होता नव्हता तो डग्गाही गेला. तबल्याची नुसती चाट ऐकू यायला लागली, पत्र्यावर कोणी टिचक्या मारल्यासारखी.

म्हणून आधी हातातला इअरफोन कुठल्या जातीचा ते बघा. एक असतो बटणासारखा चपटा, कानाच्या बाहेरच्या वाटीत टेकणारा. दुसऱ्याला पुढं बारीक चोच असते, चोचीवर सिलिकॉनची छत्री, आणि ती छत्री कानाच्या भोकात जाते. बटणाला स्पंज, चोचीला फोम. उलटापालट केली की माझ्यासारखं होतं.

दुकानात ओळखायची खूण सोपी आहे. चिमटीत दाबा आणि सोडा. स्पंज लगेच टुणकन पूर्ववत होतो. फोमची टिप, म्हणजे चोचीवर चढवायची टोपी, दबलेलीच राहते आणि दहा-वीस सेकंद घेऊन, सावकाश, जांभई दिल्यासारखी फुगते. तिचं सगळं कसब त्या आळसात आहे. दाबून बारीक केलेली टिप कानात सरकवायची आणि ती तुमच्या कानाच्या आकाराला फुगून बसेपर्यंत थांबायचं. दुसरी खूण फुंकरीची. पातळ स्पंजातून फुंकर आरपार जाते, फोममधून जवळजवळ जातच नाही.

स्पंजाचं काम तसं साधं. १९७९ साली वॉकमन आला, त्याच्याबरोबरच्या हलक्या हेडफोनवरही स्पंजच होता. कानाला टोचू नये, घसरू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. बटणाच्या इअरफोनवर चढवला की कानाची वाटी आणि बटण यांच्यातली फट थोडी कमी होते, त्यामुळं खर्ज किंचित वाढतो. आणि आवाज स्पंजातून गाळून येत असल्यामुळं वरचे सूर किंचित बोथट होतात. ज्यांना कर्कश वाटतं त्यांना हे आवडतं. ज्यांना नाही आवडत त्यांनी स्पंजाच्या मधोमध पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडावं. मग कड इअरफोनला धरून ठेवते आणि तोंड मोकळं राहतं. स्पंज दुमडून कात्रीनं एक टोक छाटलं की झालं. स्पंजात घरी करायच्या सुधारणा एवढ्याच.

फोमचं घराणं वेगळं. कारखान्यात कानात घालायचे फोमचे बोळे १९७० च्या दशकात बाजारात आले. कानाच्या तपासणीची उपकरणं बनवणाऱ्या एटिमोटिक रिसर्च कंपनीनं १९९१ साली ईआर-४ हा इअरफोन काढला, तो कानाच्या नळीत खोल बसून बाहेरचा गोंगाट अडवणारा. फोमची टिप ही त्याच घरातली. तिनं आधी शांतता करायची, मग त्या शांततेत गाणं सोडायचं.

खर्ज का जातो आणि का येतो, याचं उत्तर सायकलच्या पंपात आहे. वायसर गेलेल्या पंपाचा दांडा कितीही मारा, हवा कडेनं निसटते आणि ट्यूब फुगत नाही. चोचीच्या इअरफोनचा पडदा टीचभरही नसतो. त्यानं डग्ग्याचा ‘घुम्’ कानापर्यंत पोचवायचा तर कानात कोंडलेली हवा पुढंमागं ढकलावी लागते. बारीकशी फट असली तरी खालचे सूर तिथून निघून जातात, वरचे मात्र तसेच राहतात. म्हणून ‘इअरफोन पोकळ वाजतोय’ ही तक्रार बऱ्याचदा इअरफोनची नसते, टोपीची असते. खात्री करायची तर गाणं लावून इअरफोन बोटानं अलगद आत दाबा. दाबल्यावर खर्ज वाढला तर फट आहे. मी या परीक्षेला कुमार गंधर्वांचे तानपुरे लावतो. गवई बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला, म्हणजे परीक्षकही घरचाच.

तयार फोमच्या टिपा ऑनलाइन मिळतात, पण स्वस्त इअरफोनला त्या इअरफोनपेक्षा महाग पडतात. मग घरी करायच्या. माझा भाचा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ग्राइंडिंगवर आहे. त्याला कानात घालायला फोमचे बोळे मिळतात, त्यातलं एक न फोडलेलं पाकीट त्यानं मला दिलं. (वापरलेले घेऊ नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.) बोळा जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. मधे कापला की दोन टिपा.

कापणं सोपं, भोक पाडणं अवघड. ब्लेडनं फोम फाटतो. कुणी तरी सळई तापवून घाल म्हणालं. ते करू नका, फोम जळतो आणि त्याचा धूर छातीला वाईट. शेवटी निपाणीला चपला करणाऱ्या ओळखीच्या एका मामांकडं गेलो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर आमचा बेळगाव जिल्हाही आहे. तेव्हा चामड्याला भोक पाडणारा पोकळ पंच शोधायला लांब जायला नको. मी पंच फोमवर ठेवून हातोडी मारली. भोक पडलं, पण फोम फुगल्यावर बघतो तर वरचं तोंड एकीकडं, खालचं दुसरीकडं. मामांनी पंच हातातून काढून घेतला. ‘दाबू नको रे. दाबलास की ते आत चेंगरतंय. नुसता फिरवत ने.’ त्यांनी पंच दोन बोटांत धरला आणि वजन न देता गोल गोल फिरवत नेला. शेवटी आतून फोमची शेवईसारखी कांडी अखंड बाहेर आली. भोक सरळ, साडेचार मिलिमीटरचं.

नुसतं भोक पुरत नाही. कानात गेल्यावर फोम चारी बाजूंनी दाबला जातो आणि भोक मिटतं. त्यासाठी जुनी सिलिकॉनची टोपी घ्यायची, तिची छत्री बारीक कात्रीनं कापून टाकायची आणि मधली नळी तेवढी ठेवायची. ती नळी फोमच्या भोकात घट्ट बसवली की आवाजाला वाट राहते आणि इअरफोनच्या चोचीवर पकडही येते. नळी फोमच्या तोंडापेक्षा मिलिमीटरभर आत राहू द्या, नाहीतर तिच्या कडेनं कान खरचटतो. गोंद, फेविक्विक काही लावायचं नाही. कानात घालण्याआधी फोम धरून चांगला ओढून बघा. इअरफोन हातात आणि फोम कानातच, असं झालं तर थेट कानाच्या डॉक्टरांकडं जावं लागतं. घरात चिमट्यानं काढायला गेलं की तो आणखी आत जातो.

आवाजात काय बदलतं? खर्ज भरतो, हे आलंच. वरचे सूर थोडे मऊ होतात, कारण वाट अरुंद झाली आणि भोवती फोमची भिंत आली. फार मऊ वाटले तर भोक थोडं मोठं करा, लांबी थोडी कमी करा. काहींना ‘स’ आणि ‘श’ टोचतात. तो बहुधा कानाच्या नळीचाच खेळ असतो. टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधे दोनेक सेंटिमीटर जागा उरली तर साडेआठ हजार हर्ट्झच्या आसपास तिथं शीळ घुमते. टिप जरा आत बसली की ती शीळ आणखी वर सरकते आणि टोचणं कमी होतं. सिलिकॉनची छत्री तेवढी आत टिकत नाही, फोम टिकतो.

बोळ्यांच्या पाकिटावर एनआरआर २९ असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे बोळा गोंगाट किती अडवतो त्याचा आकडा. भोक पाडून त्यात इअरफोन घातलेल्या बोळ्याला तो आकडा लागू नाही. तरीही फरक पडतो. खानापूरच्या बसमधे इंजिनाची घरघर इतकी खाली गेली की मी आवाज निम्म्यावर आणला. कंडक्टर शेजारी उभा राहून ‘एल्लिगे री?’ (कुठं जायचं?) विचारत होता. तिसऱ्यांदा त्यानं खांद्यावर टकटक केलं तेव्हा कळलं. बटण आणि स्पंज असता तर पहिल्याच वेळी ऐकू आलं असतं. त्यामुळं रस्त्यानं चालताना, गाडीवर, दुकानात बसून गिऱ्हाईक बघताना फोम नको. आणखी एक त्रास म्हणजे कान बंद झाला की स्वतःचं चावणं, पावलं, वायरीचं घासणं सगळं डोक्यात घुमतं. वायर कानावरून मागं घेतली की घासणं बरंच कमी होतं. चिवडा खाताना मात्र इलाज नाही.

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर. डिसेंबरात पहाटे फोम कडक होतो आणि फुगायला फार वेळ लावतो. तळहातात मिनिटभर धरला की नरमतो. पावसाळ्यात उलट, घाम आणि दमट हवा यांनी तो चिकट होतो आणि त्याचा आळसच जातो. दाबला की पटकन उठायला लागला, किंवा उठायचाच बंद झाला, की टाकून द्यायचा. स्पंज साबणाच्या पाण्यात धुतला तरी चालतो, सिलिकॉनही. फोम फक्त ओल्या फडक्यानं पुसायचा. सॅनिटायझर लावला तर लवकर मरतो.

गणपतीत केलेली माझी पहिली जोडी दिवाळीच्या फराळापर्यंत टिकली. भाच्याला आणखी एक पाकीट आणायला सांगितलंय.