नाण्यावरचा चेहरा: आधी सत्तेची खूण, मग मान

राष्ट्रीय नेत्यांचे चेहरे चलनातल्या नाण्यांवर असावेत का, हा वाद ऐकताना वाटतं की नाण्यावरची जागा पहिल्यापासून मानाचीच होती. तसं नाही. तिथे चेहरा कोरला जायचा तो राज्य कोणाचं हे सांगायला. लायकीचा प्रश्न फार उशिरा आला.

रोमच्या टांकसाळीतल्या नाण्यांवर पूर्वी देवता असत, फार तर कुणाचा दिवंगत पूर्वज. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने हयातीतच आपला चेहरा नाण्यावर आणला. विरोधकांना आधीच तो राजा होऊ पाहतोय असा संशय होता. थोड्याच आठवड्यांत त्याचा खून झाला. गंमत पुढे आहे. इ.स.पू. ४२ च्या सुमारास मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने नाणं पाडलं. मागच्या बाजूला दोन खंजीर, मधे मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली खुनाची तारीख. पुढच्या बाजूला कोण? खुद्द ब्रूटस.

चेहऱ्यावाचूनही हे काम होई. इस्लामी राजवटींत नाण्यावर आणि शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे नमाजाच्या प्रवचनात, ज्याचं नाव, तो राज्यकर्ता. शिवाजी महाराजांच्या शिवराईवरही चित्र नाही: एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’.

राजाच नको म्हणणाऱ्यांची खरी पंचाईत झाली. अमेरिकेत १७९२ चा नाणे कायदा होताना सिनेटच्या मसुद्यात राष्ट्राध्यक्षाचं मस्तक होतं. प्रतिनिधिगृहाने ते हटवून स्वातंत्र्याचं प्रतीक घातलं, आणि शंभराहून अधिक वर्षं तिथल्या रोजच्या नाण्यांवर ‘लिबर्टी’ नावाची काल्पनिक स्त्रीच बहुधा दिसत राहिली. फ्रान्सने उलटं केलं. नेपोलियनच्या नाण्यांवर काही वर्षं एका बाजूला ‘सम्राट’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ असं एकाच वेळी लिहिलेलं होतं! नोटांच्या बाबतीत अमेरिकेला धडा मिळाला तो एका अधिकाऱ्यामुळे. त्याने ५ सेंटच्या नोटेवर स्वतःचंच चित्र छापून घेतलं, आणि १८६६ मध्ये हयात व्यक्तीचं चित्र नोटांवर छापायला बंदी आली.

लिंकनच्या जन्मशताब्दीला, १९०९ मध्ये, एक सेंटवर त्यांचा चेहरा आला आणि तिथे ‘मान’ ही कल्पना रोजच्या नाण्यात शिरली. मृत्यूला चौवेचाळीस वर्षं झालेल्या नेत्याला विरोध तरी किती होणार? आरडाओरडा झाला तो भलत्याच गोष्टीवरून. शिल्पकार ब्रेनर यांची तीन आद्याक्षरं नाण्याच्या मागे ठळक दिसत होती. ती काही दिवसांतच काढावी लागली. मग १९३२ मध्ये वॉशिंग्टन, १९३८ मध्ये जेफरसन, १९४६ मध्ये रूझवेल्ट.

हयात नेत्याला नाण्यावर बसवलं की काय होतं, ते घानात दिसलं. १९५८ च्या नाण्यांवर तिथले नेते एन्क्रुमा होते, ‘घाना राष्ट्राचे संस्थापक’ अशा अर्थाच्या लॅटिन मजकुरासह. १९६६ मध्ये लष्कराने त्यांना हटवलं. पुढच्या वर्षी नवं चलन आलं, त्यांच्या चेहऱ्याशिवाय. सत्तेबरोबर येणारा मान सत्तेबरोबरच जातो, म्हणून मृत्यूनंतर काही वर्षं थांबण्याची पद्धत मला शहाणपणाची वाटते.

भारतात स्वातंत्र्यानंतर नोटेसाठी गांधीजींच्या चित्राचे नमुने तयार झाले होते, पण अखेर सारनाथचा सिंहस्तंभ निवडला गेला. १९५० च्या नाण्यांवरही सहाव्या जॉर्जच्या जागी सिंहच आले. व्यक्तीचा चेहरा आला १९६४ मध्ये: नेहरू गेले त्याच वर्षी, रुपयावर आणि ५० पैशांवर.

त्याच १९६४ साली अमेरिकेने केनेडींचं अर्ध्या डॉलरचं नाणं काढलं. हत्येला जेमतेम चार महिने झाले होते. टांकसाळीने कोट्यवधी नाणी पाडली, ती चलनासाठीच होती; पण लोकांनी ती खर्च न करता आठवण म्हणून घरी जपून ठेवली.